दोन्ही हात मोकळे

४ फेब्रुवारी

ती. आईस,
ठमीचा शि. सा. न. वि. वि.

तुझा पाय कसा आहे? बाबांनी कळवलं की प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून तू शिवणकामाची मापपट्टी आत घातलीस, ती अडकली आणि शेवटी हाडाच्या डॉक्टरांनी बाहेर काढली. या वयात तुला कोण रागावणार? पाय धड असता तर तू आत्ता माझ्या उशाशी असतीस, म्हणून मीच त्या पायावर रागावून घेते.

फोन करून मोकळी झाले असते, पण लग्न ठरलं तेव्हा तूच ठरवलंस की जावयांना जन्मापासून ऐकू येत नाही, फोनवर ते बाहेर राहतात, तेव्हा या घरात पत्रच यायचं, दोघांनी वाचायचं. त्यामुळे हे पत्रही माझे सुतारबुवा वाचणार आहेत. वाचू देत. त्यांच्यापासून लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, मी दिवसभर त्यांच्यासमोरच रडते.

लवंगीचं वजन वाढत नाही, आई. जन्मली तेव्हा होती तिथे कशीबशी परत आली आणि थांबली. दिवसभर माझ्या अंगाला लागलेली असते, तरी सोडलं की हात चोखते. मला इतकं दुखतं की ती तोंड उघडते तशी माझ्या पायाची बोटं आखडतात. बाळाचे डॉक्टर भले आहेत. ते म्हणाले की महिनाअखेरीस परत आणा, वजन वाढलं नसेल तर वरचं दूध सुरू करू, त्यात कमीपणा नाही. मला ते पटतं. पण मला पाजायचंय. कर्णबधिरांच्या शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना अक्षर अक्षर हातांनी शिकवताना माझा धीर सुटत नाही, आणि स्वतःच्या लेकीला दोन घोट देताना नाकी नऊ आलेत.

सुतारबुवा काय करणार बिचारे. मी पाजायला बसले की मूठ मिटून उघडते, म्हणजे आमच्या भाषेत दूध. ती खूण दिसली की पडवीतल्या कारखान्यातून हातातला रंधा ठेवून येतात, समोर बसतात, दुखतंय का, प्यायली का, विचारत राहतात. मी सांगत राहते.

डॉक्टरांनी इस्पितळातल्या स्तनपान सल्लागार बाईंना घरी पाठवायचं म्हटलंय. तुला काय वाटतं ते लिही.

पायाला जप, आणि माझ्यावरची माया पट्टीसारखी मध्येच अडकू देऊ नकोस.

तुझी,
ठमी

८ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आईचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या बाबांनी माझ्या आधी फोडून वाचलं आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं, त्यावरून मजकुराचा अंदाज आलाच होता. पट्टीची बातमी तुला कळवायची काय गरज होती ते त्यांना विचारते आहे.

आता ऐक. इथे पलंगावर पडून सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण मला दुसरं काही करता येत नाही. एक तर आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? तुझ्या अंगातच दूध कमी असेल. तेव्हा पथ्य पाळ. पालेभाज्या बंद, फळं बंद, डाळ पातळ, पाणी बेताचं. मला माझ्या सासूबाईंनी असंच ठेवलं होतं आणि तू चांगली धडधाकट झालीस.

दुसरं, पाजायला शिकवायला बाई? बये, माशाला पोहायला शिकवायला कुणी मास्तर ठेवतं का? मांजरीला कोण शिकवतं? येऊ दे हवं तर, पण तिच्या बोलण्याने स्वतःला दोष देत बसू नकोस.

आणि तिसरं मनापासून. वरचं दूध दिलंस तर आभाळ कोसळणार नाही. तुझ्या वर्गातल्या मैत्रिणी कित्येक बाटलीवर वाढल्या आणि आज माझ्याकडे येऊन ब्लाउजचं माप एक इंच वाढवून घेतात. मला लवंगीची काळजी आहेच, पण माझं बाळ तू आहेस. तू रडतेस हे वाचून मला प्लास्टर फोडावंसं वाटलं.

जावईबापूंना माझा आशीर्वाद सांग. या कुबडीवाल्या म्हातारीचा विसर न पडावा.

तुझी,
आई

१३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाई येऊन गेल्या. तुझा मासा आणि तुझी मांजर दोन्ही त्यांना सांगितली. त्या खूप हसल्या. म्हणाल्या की मांजरीने आपल्या आईला, मावशीला, अख्ख्या गल्लीला पाजताना पाहिलेलं असतं, तुम्ही किती जणींना पाहिलंय? मी आठवून पाहिलं. एकीलाही नाही.

त्यांच्या पिशवीत कापडाची एक मऊ बाहुली असते, म्हणून सुतारबुवांनी त्यांचं नाव बाहुलीवाल्या बाई ठेवलंय. मला वाटलं की आल्या आल्या बाहुली काढून धडे देतील. तसं काही नाही. सुताराच्या घरातल्या एकुलत्या एक मोडक्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, मी नाहीच असं समजा, रोज पाजता तसं पाजा. सुरुवातीपासून लवंगी सोडेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

मग विचारलं, पाजताना नवऱ्याशी किती वेळा बोललात? मी म्हटलं, कुठे, फारसं नाहीच. त्या म्हणाल्या की सगळा वेळ बोलत होतात. आई, ते खरं होतं. मला दुखतंय का हे त्यांनी विचारायचं आणि मी उजव्या हाताने उत्तर द्यायचं. म्हणजे लवंगी नेहमी एकट्या डाव्या हातावर. माझं अंग त्यांच्याकडे वळलेलं, तिचं तोंड भलतीकडे. मोठं काही सांगायचं असेल तर डावा हातही मदतीला जायचा, आणि खांदा हलला की ती घसरून टोकाशी यायची. टोकाशी दूध येत नाही, तिथे नुसतं दुखतं. तुम्हाला दिवसभर तोंडाने गप्पा मारता आल्या असत्या तर ही चूक झालीच नसती, असं त्या म्हणाल्या. तुझा आड भरलेला आहे, आई. पोहराच वरच्यावर फिरत होता.

मग बाहुली निघाली. बाळाचं पोट माझ्या पोटाला, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, हनुवटी आधी टेकवायची, दोन्ही हातांचा आधार. लवंगीने पहिल्यांदा खोल धरलं आणि माझ्या पायाची बोटं आखडली नाहीत. बाई म्हणाल्या, आता घोटांचा आवाज ऐका. मला ऐकूच येईना. तेव्हा त्यांनी सुतारबुवांना जवळ बोलावून दाखवलं की घोट घेताना हनुवटी खाली जाऊन जराशी थांबते. बस्स, आता आमच्या घरात लवंगीचे घोट त्यांना कळतात, मला नाही.

तुझ्या पथ्याचंही सांगते, रागावू नकोस. बाईंबरोबर आलेल्या आहारतज्ज्ञांनी माझं दिवसभराचं खाणं विचारलं आणि कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या की बाळंतिणीला नेहमीपेक्षा जास्त भूक लागते ती उगाच नाही. डाळ घट्ट, पालेभाजी, अंडं, फळ, सगळं हवं, आणि तहान लागेल तेवढं पाणी. तेव्हापासून मी अधाशासारखी जेवते आहे.

आता एकच वाईट. लवंगी दिवसातला बराच वेळ पीत असते आणि दोन्ही हात तिच्याखाली असतात. माझ्याने उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही हे ओळखून सुतारबुवांनी विचारणंच सोडलं. समोर बसतात, हात खिशात घालून. काल संध्याकाळी त्यांना कारखान्यात काहीतरी लागलं होतं, बोटाला चिंधी होती. मला आज सकाळी कळलं. लेक प्यायला लागली आणि घर मुकं झालं, आई. मी रडते ते आता याच्यासाठी.

तुझ्या उत्तराची वाट पाहत, तुझ्याच मायेवर हक्क सांगणारी,
ठमी

१७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पथ्याबद्दल मी काही बोलणार नाही. बाबा मात्र दिवसभर बोलत आहेत. तुझ्या वेळेला त्यांनी म्हणे मला चोरून पेरू आणून दिले होते आणि म्हणून तू धडधाकट झालीस. खरं आहे ते. पण त्यांच्या तोंडून ऐकायला बरं वाटत नाही.

बाई हुशार आहे. गप्प बसून बघणं मला कधी जमलं नाही. माझ्या शिवणक्लासमध्ये पोरीची शिवण वाकडी गेली की मी मशीनवरून तिला उठवून स्वतः बसायचे. ती बसली नाही, तिने बघितलं. पण काम अर्धं राहिलंय. कपडा अंगावर बसला पण हात वर होईना, तर त्याला मी नीट शिवलेला म्हणत नाही. काखेत उसवायचं आणि परत शिवायचं. तू तिला परत बोलाव आणि हे सगळं स्पष्ट सांग. तुला वाटेल की हा नवरा-बायकोचा मामला, तिला काय सांगायचा. तिलाच सांगायचा. एका हाताने बाळ पाजलं जात नाही हे तिने सांगितलं ना, मग दोन हातांनी संसार कसा करायचा हेही तिलाच विचार.

यापुढचं जावईबापूंसाठी. बापू, हात खिशातून काढा. माझी मुलगी तुमच्या हातांवर भाळली होती. पहिल्या भेटीनंतर घरी येऊन ती जेवली नाही, नुसती तुमच्या बोटांची नक्कल करत बसली होती. त्याग वगैरे आपल्या घरात कुणी मागितलेला नाही. आणि त्या जखमेला हळद लावा.

महिनाअखेर जवळ आली. काटा काय म्हणतो ते कळव. तोवर माझा जीव टांगणीला आहे.

तुम्हां तिघांची,
आई

२८ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी काटा. लवंगी वाढली आहे. नुसती वाढली नाही, तिला हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली आहे आणि मांडीला वळी पडली आहे. डॉक्टरांनी तिला काट्यावरून उचललं, परत ठेवलं, परत उचललं. वरच्या दुधाची गरज नाही म्हणाले. मी तिथेच त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. सुतारबुवांना वाटलं की वजन घटलं. त्यांचा चेहरा असा झाला की डॉक्टरांनी घाईघाईने दोन्ही अंगठे वर करून दाखवले. मग तेही रडले.

आता पुढचं. तू सांगितलंस तसं बाईंना बोलावलं आणि लाज सोडून सगळं सांगितलं. त्यांनी मला रोज बसते तसं पाजायला बसवलं. मग म्हणाल्या, ताठ बसायला तुम्हाला सांगितलं कोणी? मला मागे रेलायला लावलं, पाठीमागे उशा, अर्धवट आडवी. लवंगीला उघड्या छातीवर पालथी ठेवलं. ती डोकं वर उचलून इकडे तिकडे आपटत, हुंगत, स्वतःच्या स्वतः गेली, आ वासला आणि खोल धरलं. तिचा सगळा भार माझ्या अंगावर, घसरायला जागाच नाही. बाई म्हणाल्या, आता हात सोडा. मला भीती वाटली. हळूच एक सोडला, मग दुसरा. ती पीतच राहिली.

माझे दोन्ही हात मोकळे होते, आई. कितीतरी दिवसांनी. समोर सुतारबुवा उभे होते. मी विचारलं, बोट कसं आहे? आणि मग आम्ही दोघं जे सुटलो ते लवंगी पिऊन झोपली तरी थांबलो नाही. रागही काढून घेतला, भांडलोही थोडं. बाई केव्हा बाहुली पिशवीत घालून उठल्या ते आम्हाला कळलंही नाही.

सोफ्यावरच्या उशा सरकतात म्हणून सुतारबुवांनी एक जुनी आरामखुर्ची कारखान्यातून आणली, पाठ कापून उतार बदलला, हात रुंद केले. मी त्यात बसते आणि ते समोरच्या मोडक्या स्टुलावर. स्टूल मोडकंच आहे अजून. ते मध्येच मला थांबवतात आणि लवंगीच्या हनुवटीकडे बोट दाखवतात. म्हणजे घोट.

बाईंनी विचारलंय की त्यांच्या विभागासाठी अशाच खुर्च्या करून द्याल का. सुतारबुवांनी होकार दिला आणि तेव्हापासून चेहऱ्यावरून हसू गेलेलं नाही.

प्लास्टर निघालं की आधी इकडे ये. ती खुर्ची तुला मिळणार नाही, पण लवंगी मिळेल. बाबांना आणि त्यांच्या पेरूंना नमस्कार.

तुझी सुखात असलेली,
ठमी

२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आईंस,
सा. न. वि. वि.

आजवर ठमीच्या पत्रात दोन ओळी घुसवून मी वेळ मारून नेत आलो. आज हे पत्र मीच लिहिणार असं तिला सांगून ठेवलं आहे. ती दारात उभी राहून डोकावते आहे. मी कागदावर हात धरून लिहितो आहे.

तुम्ही राहून गेलात त्यानंतर लवंगी बसायला लागली. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितल्याप्रमाणे तिला आता मऊ शिजवलेला भात, डाळ, कुस्करलेलं केळं मिळतं. त्यातलं निम्मं माझ्या सदऱ्याला मिळतं. पण खुर्ची तिला अजून लागते आणि तिथे तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही.

काल दुपारी ठमी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती आणि लवंगी माझ्या कडेवर होती. मी तिला पॉलिश केलेलं लाकूड हात लावून दाखवत होतो. तिने लाकडाकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, हात पुढे केला आणि मूठ मिटली. उघडली. परत मिटली.

मला वाटलं की चाळा असेल. मी स्वतः मूठ मिटून उघडून तिला विचारलं, दूध? तिने पाय झाडले आणि दोन्ही हातांनी मुठी मिटल्या, उघडल्या. सात महिने ती आईच्या छातीवर पालथी पडून आमचे हात बघत होती. आम्हाला वाटत होतं की ती नुसती पिते आहे.

आई, या वयापर्यंत मला सगळ्या बातम्या दुसऱ्याकडून कळल्या. दार वाजलं, कुणी हाक मारली, बाळ रडलं, प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन मला सांगायचं. मी अंगणात धावत गेलो. ठमीची पाठ होती, तोंडात चिमटे होते. मी तिचा खांदा धरून तिला वळवलं आणि सांगितलं की तुझी मुलगी पहिला शब्द बोलली. तू नव्हतीस. मी ऐकला.

ठमी आता वाचते आहे आणि कागद ओला करते आहे, म्हणून इथेच थांबतो. तुम्ही मला हात खिशातून काढायला सांगितलं होतंत. ते आता कधी आत जाणार नाहीत.

आपल्या आशीर्वादाचा धनी,
जावई

ता. क. स्टूल काल दुरुस्त केलं. तुम्ही याल तेव्हा बसायला लागेल.