प्रयोगाच्या तासाला आजोबा

रविवार, ७ सप्टेंबर

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं आजोबा-नात मजेत आहोत. इस्पितळातल्या रात्रपाळीनंतर तुझी झोप होते का? नुसत्या चहावर दिवस ढकलू नकोस.

सातवीत गेल्यापासून तुझ्या लेकीला, भिंगरीला, विज्ञानाचं वेड लागलंय. नव्या बाई आल्यात. वयाने तुझ्याएवढ्या, आवाज बारीक, पण वर्ग मुठीत. पालकसभेत त्यांनी आम्हालाच नियम सांगितले. प्रकल्प मुलांनी करायचा, आईबापांनी नाही. म्हणाल्या, "गेल्या वर्षी एका मुलाचा ज्वालामुखी इतका सुबक होता, की मी त्याच्या वडिलांनाच गुण देणार होते." सगळे हसले, एक गृहस्थ सोडून.

गृहपाठावर रोज घरच्यांची सही हवी. प्रयोगाच्या वहीत जे दिसलं तेच लिहायचं, जे दिसायला हवं होतं ते नाही. आणि प्रयोगाच्या दिवशी आळीपाळीने पालकांनी टेबलापाशी उभं राहायचं. जावईबापू गेले, तू लांब, तेव्हा आमच्या घरचा पालक मीच. येत्या शुक्रवारी माझी पाळी. सूचनांच्या कागदावर सही ठोकून दिली. भिंगरी म्हणाली, "आजोबा, वाचलात का?" म्हटलं, "जन्मभर गिऱ्हाइकांची मापं लिहिली, आता तू मला वाचायला शिकव!"

दुकान चालू आहे. बारीक शिवण हल्ली घेत नाही, कंटाळा येतो. पडदे, उशांचे अभ्रे, एवढंच. सुईत दोरा भिंगरी ओवून देते, तिला हौस आहे. अक्षर मोठं आलंय, पेन जाड आहे म्हणून.

तू म्हणाली होतीस, "बाबा, झेपत नसेल तर तिला मी इकडे आणते." झेपतंय गं. चांगलं झेपतंय.

बाबा


शनिवार, १३ सप्टेंबर

चि. छकुलीस,
आशीर्वाद. आधी हे वाच: भिंगरी सुखरूप आहे, मीही आहे. फोनच करणार होतो, पण फोन हातात घेतला की ती शेजारी येऊन बसते.

काल प्रयोगशाळेत गेलो. इस्त्रीचा सदरा, सैल बाह्यांचा, स्वतः शिवलेला. टेबलावर स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळीत मोरचुदाचे निळे खडे. तापवले की ते पांढरे होतात, एवढंच मुलांनी बघायचं. भिंगरीने चिमट्यात नळी धरली होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं आणि मी आपला रुबाबात उभा.

शेजारच्या मुलीने विचारलं, "आजोबा, झाले का हो पांढरे?"

मला सगळंच धुरकट. "होतायत, होतायत," म्हणत मी वाकलो आणि हात पुढे केला. दिवा पेटलाय हे मला दिसलंच नाही. बाहीने पेट घेतला.

मला कळायच्या आत भिंगरीने नळी बाजूला ठेवली आणि ओला फडका माझ्या हातावर दाबला. प्रत्येक टेबलावर ओला फडका हवाच, असा बाईंचा नियम आहे. बाकीची मुलं आरडाओरडा न करता मागे सरली, तोही नियमच. मनगटावर फोड आलाय, बाकी काही नाही. हात बराच वेळ नळाखाली धरला होता, तेव्हा नर्सबाई, तू ओरडू नकोस.

बाईंनी मला बाजूला नेलं. म्हटलं, आता खरडपट्टी. सैल बाह्या दुमडून या, असं त्या कागदावर छापलं होतं म्हणे. पण त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "आजोबा, तुम्हाला ज्योत दिसली नाही ना?"

"एवढ्या उन्हात कुणाला दिसते हो?"

"बरं. समोर फळ्यावर काय लिहिलंय?"

मी डोळे बारीक करून पाहिलं. तेवढ्यात मागून भिंगरीचा आवाज आला, "त्यांना दिसतं, बाई. त्यांना सगळं दिसतं." आणि हमसून रडायला लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं, म्हणाल्या, "बरं बाई, दिसतं." मग मला काही विचारलं नाही. शाळा सुटल्यावर फाटकापाशी मात्र एवढंच म्हणाल्या, "माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं मागे. आता रोज माझ्या स्वयंपाकातले खडे काढतात."

वाटेत भिंगरी म्हणाली, "आईला नका ना सांगू. ती मला घेऊन जाईल. मग तुम्हाला दोरा कोण ओवून देणार?"

छकुले, मोतीबिंदू असावा. उजव्या डोळ्याला फार, डाव्याला सुरुवात. वर्ष होत आलं. तू एका नजरेत ओळखलं असतंस, म्हणून मागे आलीस तेव्हा कामाचं निमित्त करून दुकानातच बसून राहिलो. तुला वाटलं, बाबा रुसलेत. रुसलो नव्हतो गं.

ऑपरेशनला मी भीत नाही. भीत होतो ते तू तिला नेशील म्हणून. संध्याकाळी दप्तर आदळल्याचा आवाज आला नाही, तर ह्या घरात मी कशासाठी दिवा लावू? पण काल पाहिलं ते बरं नव्हतं. ही पोर माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोलली, तेही त्या बाईंसमोर, ज्यांच्या शब्दाबाहेर ती जात नाही. मला सांभाळायचं तिचं वय नाही.

तेव्हा तू ये. रजा मिळेल तशी ये. डोळ्याचं उरकून टाकू. नंतर भिंगरीचं तू ठरवशील ते, मी आडवा येणार नाही. मागणं एकच: ही सातवी तिला ह्या बाईंच्या हाताखाली पुरी करू दे.

पत्र लिहितोय हे तिला सांगितलंय. सकाळपासून अबोला आहे. तरी पाकिटावरचा पत्ता तिनेच लिहून दिला, म्हणाली, "तुमचं अक्षर पोस्टमनला लागणार नाही."

स्टँडवर घ्यायला येईन. गर्दीत तुझा चेहरा मला लांबून ओळखू येणार नाही. तूच जवळ ये आणि हाक मार.

तुझी वाट बघणारे,
बाबा