तुझ्यानंतर

१९ सप्टेंबर, गुरुवार

प्रिय बाई,

सकाळी साडेसहाला उठलो. दवाखान्यातल्या लिफ्टचा दरवाजा अडकत होता, तो दुरुस्त केला. अकराला तुझ्या शाळेत जाऊन राहिलेले पेपर परत दिले. चारला घरी आलो. तुला जाऊन आज तीन आठवडे झाले.

शाळेतली पोरं म्हणायची म्हणून मीही तुला बाई म्हणायला लागलो आणि तू मला अव्यय. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी अर्थ विचारला, तर म्हणालीस, "अहो, जे बदलत नाही ते. चांगला मुलगा, चांगली मुलगी, विशेषण बिचारं ज्याच्या त्याच्या तालावर नाचतं. पण तो हळू चालतो, ती हळू चालते, ते हळू चालतात. हळू काही हलत नाही. तुमच्यासारखंच. तीन शर्ट, तिन्ही निळे!"

मला व्याकरण कळलं ते लिफ्टमुळे. 'लिफ्ट वर गेली' यातलं 'वर' सुटं आहे, जाण्याबद्दल सांगतं, म्हणून ते क्रियाविशेषण. 'छतावर पाणी साचलं' यात तेच 'वर' छताला चिकटलं, की झालं शब्दयोगी. मी म्हटलं, म्हणजे केबल तीच, कुठे जोडलीय ते बघायचं. तू इतकी हसलीस की कपातला चहा सांडला. म्हणालीस, "उद्या तुम्हीच वर्गावर जा, मी लिफ्ट बघते."

काल ते पेपर चाळले. सतरा तपासून झाले होते. अठराव्यात प्रश्न होता, 'नंतर' हा शब्द क्रियाविशेषण आणि शब्दयोगी असा दोन्ही प्रकारे वापरा. त्या मुलीने लिहिलं होतं, 'आम्ही नंतर खेळू. आम्ही शाळेनंतर खेळू.' पहिल्या वाक्याला तू बरोबरची खूण केली होतीस. दुसऱ्याची अर्धवट राहिली. मी त्या खुणेला हात लावला नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. त्या दिवशी एक वाजून दहा मिनिटांनी तुझा फोन आला. मी लिफ्टच्या टपावर उभा होतो, हात ग्रीसने भरलेले. "नंतर बोलतो" म्हणालो. तू "बरं" म्हणालीस. पाऊण तासाने शाळेतून फोन आला, बाई टेबलावरच कोसळल्या म्हणून. तुला काय सांगायचं होतं, मला माहीत नाही. काहीच नसेल, दळण आणायचं असेल. पण आपली मुलगी तिच्या घरी परत जाताना विचारत होती, "बाबा, आई शेवटचं कोणाशी बोलली?" मी म्हणालो, ठाऊक नाही. माझं 'नंतर' सुटं होतं, त्याला जोडलेली क्रिया राहूनच गेली. आता सगळे ते तुझ्या नावाला चिकटवून बोलतात. मुलीला खरं सांगायचंय, फोन करून, आत्ताच. निळा शर्ट केव्हाचा बादलीत भिजतोय. तेवढा आधी पिळून वाळत घालतो.

तुझाच,
अव्यय