पहिल्या हाकेची ओ

१२ जानेवारी, सोमवार

आले बाबा एकदाची चिकलठाण्याला. कन्नडपासून एसटी, मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा, आणि शेजारचा पाव्हणा घाट सुटल्यापासून माझ्याच खांद्यावर घोरायला. नातू ऋतुराज स्टँडवर घ्यायला आलता. म्हणाला, आज्जी, थंडी सरेस्तोवर हलायचं नाय. मी म्हणलं, तुझी बायको ठेवून घेईल तवर ऱ्हाईन.

बायकोनं, म्हणजे श्रेयानं, घरात पाऊल टाकल्याबरोबर हा फोन हातात दिला. लाल ठिपका दाबायचा आणि बोलायचं, लिहायचं काम त्याचं. मला अक्षर ओळखू येत नाय, उभी हयात अंगठ्यावर निघाली, आणि आता रोजनिशी लिहायले. श्रेया म्हणती, कोणाच्या तोंडातून निघालं ते हा बघत नाय, ऐकलं ते सगळं लिहितो, तर माझ्या चहाड्या जपून सांगा. मी रोज काय बोलते ते तिला तिच्या फोनात वाचायला मिळतं म्हणं. बरंय, सासूला हे सुख नव्हतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली. ह्यांच्या गॅलरीत कपडे कमी आणि दोरखंड जास्त. लोखंडी कड्या, डोक्याच्या टोप्या, नखं आवळणारे बूट. दर रविवारी दोघं जाऊन कडे चढतात आणि वर जाऊन फोटो काढतात. मी वीस वर्षं गौताळ्याच्या डोंगरात शेळ्यांमागं चढले, माझा कुणी एक फोटो काढला नाय. ऋतुराज म्हणला, आज्जी, तुझा जमाना हुकला. मी म्हणलं, शेळ्यासुद्धा चारा असला तरच चढत्यात रे, तुम्हाला वर काय मिळतं?

त्यांची एक रीत मला आवडली. कड्यावर वरचा खालच्याला दिसत नाय. मग खालून नाव घेऊन हाक मारायची, वरून ओ आली की मगच पाय उचलायचा. ती सवय घरातही आलीय. श्रेया ओट्यापाशी उभी राहून हाक मारती, हा न्हाणीतून ओ देतो. पारव्यांची जोडी पाळल्यासारखं वाटतं.

२३ जानेवारी, शुक्रवार

आज दोघं कोकणात निघाले. समुद्राच्या कडेला म्हणं असे सुळके आहेत की चढता चढता पाठीमागं पाणी दिसतं. तीन दिवस सुट्टी. मी लाडू बांधून दिले आणि सांगितलं, समुद्राला माझा नमस्कार सांगा, मी त्याला पाहिलं नाय, त्यानं मला पाहिलं असंल तर सांगू नका.

२७ जानेवारी, मंगळवार

आले. उन्हानं काळे झाले, लई थकलेत. ऋतुराजचा घसा बसलाय.

जेवताना श्रेयानं सांगितलं. सकाळी नऊचा सुमार, ऋतुराज सुळक्यावर, ती निम्म्यात. समुद्रावरून धुकं आलं आणि हातभरावरचं दिसंना. तेवढ्यात ऋतुराजला तिची हाक ऐकू आली. त्यानं ओ दिली. श्रेया म्हणती, मी हाक मारलीच नव्हती, आज्जी, माझ्या तोंडात दोरीची कडी होती. आणि ती हाक समुद्राकडच्या अंगानं आली, तिथं तर नुसती पोकळी.

दोघं हसायले. मीही हसले. घास मात्र ताटात परत ठेवला.

ओ.

२९ जानेवारी, गुरुवार

ऋतुराजचा आवाज पार गेला. डॉक्टर म्हणाले घसा साफ आहे, काही नाय. कागदावर लिहून बोलायला. मला वाचता येत नाय, म्हणून माझ्याशी हातवारे करतो. मी म्हणलं, बायकोचं ऐकून घ्यायची चांगली सोय झाली. तो हसला, पण हसण्याचाही आवाज आला नाय.

ओ.

३१ जानेवारी, शनिवार

आज दुपारी श्रेयानं ओट्यापासून हाक मारली. न्हाणीतून ओ आली. तीच, ठणठणीत, ऋतुराजची.

ऋतुराज माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होता.

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी उठून न्हाणीचं दार उघडलं. कोणी नाय. बादलीतलं पाणी हलायलं.

ओ.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज दोघांना समोर बसवून सांगितलं. डोंगरात पहिल्या हाकेला ओ देऊ नये. जिवंत माणूस तीनदा हाक मारतं. जे माणूस नाय त्याला एकच हाक साधते, आणि ओ दिली की ती ओ त्याची झाली.

माझ्यासंगं शेळ्या राखायची ती सरूबाई. ऐन दुपारी तिनं पहिल्या हाकेला ओ दिली. आठ दिवसांत तिची जबान गेली. पुढं तिच्या नवऱ्याला कड्याच्या पलीकडून तिचा आवाज आला, तो धावत गेला, आणि खालीच गेला. सरूबाई तेव्हा माझ्याजवळ बसलेली, मुकी, माझा दंड धरून. ते आवाज नेतं कशासाठी, तर त्या आवाजावर भरवसा ठेवणाऱ्यासाठी.

ऋतुराजनं मान हलवली, पटलं नाय म्हणून. श्रेयानं माझा हात धरला. तिचा गार होता.

ओ.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आठ तारखेला लग्नाला वर्ष होतंय. कन्नडच्या घाटातल्या सुळक्यावर जायचं दोघांनी कधीचं ठरवलंय. मी आडवी पडले, रडले, जेवले नाय. ऋतुराजनं लिहून दाखवलं, श्रेयानं वाचलं : घसा गेलाय, पाय नाय. हट्टी, आज्यावर गेलाय.

शेवटी मीच तोड काढली. तिथं हाक मारायची नाय, ओ द्यायची नाय. ऋतुराज आधी वर जाईल, दोर खडकाला पक्का बांधंल, आणि मग वरून दोराला तीन हिसके देईल. तीन हिसके बसले की मगच श्रेयानं चढायचं. आवाज चोरता येतो, हिसका कसा चोरंल? श्रेया म्हणली, आज्जी, तुम्हाला आमच्या क्लबात घ्यायला पायजे.

आज जरा बरं वाटायलं.

ओ.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

पहाटे गेले. जाताना श्रेया पाया पडली.

आत्ता तिचा फोन आलता, कड्याच्या पायथ्यापासून. गाडीत रोजनिशी वाचत होती. हसत विचारायली, आज्जी, बोलणं संपलं की दर वेळी ओ का म्हणता? कोकणातून आल्यापासून रोज शेवटाला लिहिलेलं आहे.

म्हणलं, मी नाय म्हणत. मी कधीच —

फोन कटला.

तर ते ऐकायलंय. रोज, माझ्यासमोर बसून. मी सगळं ह्यालाच सांगितलं — तीनदा हाक, सरूबाई, आणि दोर —

तीन हिसके. मीच सांगितलं.

रविवार, दहा

श्रेयाचा फोटो दाबायले, ऋतुराजचाही दाबायले, वाजतो, कुणी उचलत नाय. फोन पिशवीत ठेवून दोराला लागले असतील. बाकी कुणाचा नंबर मला —

शेजारच्या द्वारकाबाईला बोलावलं. म्हणलं बाई, वाच, सकाळी मी बोलले त्याच्या शेवटाला काय लिहिलंय. तिनं दोनदा वाचलं. म्हणली काही नाय, तुमचं बोलणं, बस. ओ नाय कुठं.

आज ओ नाय.

म्हणजे ते इथं नाय. घर गप्प आहे. न्हाणीत पाणी हलत नाय. ते —

त्यांच्यासंगं गेलं.

रविवार

द्वारकाबाई घाटाला जायला जीप बघायला खाली पळाली.

फोन वाजला. ऋतुराजचा फोटो. उचलला. आज्जी, म्हणला, फिकर करू नको. श्रेया निघाली वर. दोर मी धरलाय.

लई गोड बोलला. ठणठणीत. मला आधी आनंदच झाला, की पोरगं —

आणि मग —

श्रेया, पोरी, दोर सोड, खडक धर, चढू नको — ऋतुराजला तर दहा दिस झाले बोलताच येत —