कापूस वेचणारीच्या फोटोंची व्यवस्था

मी, शेख जैनुद्दीन शेख करीम, वय ६७, फोटोग्राफर, राहणार अकोट फैल, अकोला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घर व बँकेतील ठेव आमच्या धर्माच्या कायद्याप्रमाणे माझी एकुलती मुलगी महेजबीन व इतर वारसांत वाटली जाईल. त्यात मी काही बदलत नाही. खालील वस्तू, त्याच कायद्याने मर्जीप्रमाणे कोणालाही देता येतो त्या एक तृतीयांशातल्या आहेत.

२. अमरावतीच्या चौकातला कापूस वेचणारीचा बावीस फुटी पुतळा भातकुलीच्या शेडमध्ये चौदा महिने घडत होता. मातीपासून ओतकामापर्यंतचे सगळे फोटो माझे. पुतळ्याचे हात तानुबाईंचे आहेत. त्या तिथे माती मळत. तयार हात पाहून म्हणाल्या, "माहे हात एवढे कवा झाले?" चौकातल्या पाटीवर त्यांचे नाव नाही. हातांचा मोठा फोटो, खाली नाव लिहून, त्यांना द्यावा.

३. पुतळा बसवला त्या दिवसाचे २१२ फोटो शिल्पकार भावना ढोले यांना द्यावेत. त्यांनी तीनदा मागितले. कार्ड खराब झाले असे मी सांगितले. ते खोटे होते.

त्या दिवशी अकराला माझी पत्नी नसीमबानो हिचा अकोल्याहून फोन आला. "छातीत कसंतरी होऊन राह्यलं. येता का?"

मी म्हणालो, "क्रेननं आताच उचलला. अर्ध्या तासात निघतो."

चौथऱ्याचे बोल्ट जुळेनात. पुतळा दोनदा खाली घेतला. मी दोनला निघालो. शेजारच्या कुलदीपने तिला दवाखान्यात नेले होते. मी पोहोचलो तेव्हा तिची मय्यत घरी परत आणलेली होती. मी रडलो नाही. चौथ्या दिवशी दुकान उघडले. ते फोटो अजून पाहिलेले नाहीत. भावनाताईंचा दोष नाही. फोनचे त्यांना ठाऊकच नव्हते.

४. मेहुणा जिब्रान दफनानंतर म्हणाला, "फोटो तरी चांगले आले ना, दुल्हेभाई?" तेव्हापासून आमचे बोलणे नाही. कॅमेरा त्याला द्यावा. विकला तरी चालेल. त्याने विचारले ते बरोबरच होते.

५. महेजबीन, तू अमरावतीच्या शाळेत शिकवतेस. मी गेल्याचा फोन तुला उशिरा आला असेल. कुलदीपवर रागावू नकोस. सगळे संपल्यावरच तुला कळवायचे, असे मीच त्याला सांगून ठेवले आहे. तो म्हणाला, "काका, असं काहून करता?" तुला "येतेस का?" असे कोणी विचारलेच नव्हते, एवढे लक्षात ठेव.

वाचून, समजून सही केली.
शेख जैनुद्दीन शेख करीम

आमच्यासमोर सही झाली:
१. कुलदीप गावंडे
२. आरती इंगोले

अकोला, ९ जानेवारी २०२५