केवळ हिच्यासाठी

३ सप्टेंबर, सकाळी ६
परदेशात, मिशनच्या घरात पहिली सकाळ. दवाखान्याच्या मागे दोन खोल्या, एक खिडकी. तीन महिने राहून बघायचं आणि ३० नोव्हेंबरला फॉर्मवर दोघांनी सही करायची, राहणार म्हणून. एकाची जरी सही नसली तरी दोघं परत. माझा प्रश्नच नाही. पस्तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली बारा हेडमास्तर म्हणून. काळजी हिची आहे. उभ्या जन्मात घर सोडून राहिलेली नाही.
संकल्प: इथली भाषा तीस दिवसांत (पुस्तक आणलंय). आठवड्याला पाच घरभेटी. हिला धीर देणे.

५ सप्टेंबर, बुधवार
दुपारी प्रार्थनासभा. चाळीसेक माणसं. दाराशी लाकडी पेटी असते. अडचण असेल त्यानं नाव न घालता चिठ्ठी टाकायची. चर्चचे पाळक ती वाचून दाखवतात आणि मंडळी त्या माणसासाठी प्रार्थना करते. कोणाची, हे कोणी विचारत नाही. पद्धत चांगली आहे. मला गरज पडणार नाही.

११ सप्टेंबर
भाषा: धडा दुसरा. छपाई बारीक आहे, डोळे दुखतात. पहिल्या धड्यातली नाती मात्र पाठ.
ही शिवणवर्गात बायकांमध्ये बसते. त्या बोलतात, ही हसते. कळत काय असणार? भाजीवालीपाशीही वीस मिनिटं उभी होती. बिचारी.

२० सप्टेंबर
मनगटावरचं घड्याळ घरच्या वेळेवर लावलं. हिला घरची आठवण आली तर लगेच सांगता यावं. हिनं अजून विचारलेलं नाही, म्हणून मीच सांगतो. आता दूधवाला आला असेल. आता शेजारचे वकील फिरायला निघाले असतील. आज म्हणाली, जरा गप्प बसाल का, माप चुकतंय.

४ ऑक्टोबर
घरभेटी: एकूण तीन. जोडीनंच जायचा नियम आहे, त्यामुळे माझा वेग हिच्यावर अवलंबून. प्रत्येक घरी ही काहीतरी बोलते आणि लोक समजून घेतात. माणसं चांगली आहेत. पाळक माझ्याशी इंग्रजीत बोलतात, हिच्याशी मात्र इथल्या भाषेत. सवयीनं होत असेल.

१९ ऑक्टोबर
लेकीचा फोन. तिला सांगितलं, आई खचलीय, दाखवत नाही एवढंच. लेक म्हणाली, आईकडे द्या. मग दोघी पाऊण तास हसत होत्या. दुःख लपवायला माणूस काय काय करतो.
सूटकेस भरून पलंगाखाली ठेवली. ऐनवेळी हिची धावपळ नको.

६ नोव्हेंबर, दुपारी १
भांडण झालं. मी एवढंच म्हणालो की प्रभूची सेवा घरी राहूनही करता येते. हिनं कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला परत जायचंय का?"
म्हटलं, मला? मी तुझ्यासाठी म्हणतोय. तर उठून आतल्या खोलीत गेली.

९ नोव्हेंबर
ताटावर बोलावते, तेवढंच. बाकी अबोला.

१५ नोव्हेंबर
जेवण जात नाही. पँट सैल झाली, पट्ट्याला नवीन भोक पाडलं. सगळं हिच्या काळजीनं. पाळकांनी थांबवून विचारलं, सगळं ठीक ना? म्हटलं, माझं ठीक आहे.
पंधरा दिवस उरले. चाळीस वर्षांच्या संसारात ही इतकी गप्प कधी नव्हती. मला भीती वाटते.

२७ नोव्हेंबर
मार्ग सापडला. चिठ्ठी! ती वाचली जाईल, ही ऐकेल, आपोआप मोकळी होईल आणि परत जाऊ म्हणेल. लिहिलं: "माझी बायको इथे रमत नाही. जेवत नाही. तिचा जीव घरी अडकलाय, पण तोंडानं कबूल करत नाही. देवा, तिला खरं बोलायचं बळ दे."
मराठीत लिहिली. मनापासूनची प्रार्थना दुसऱ्या भाषेत जमत नाही. देवाला सगळ्या भाषा येतात. पेटीत टाकून आल्यावर हलकं वाटलं.

२८ नोव्हेंबर, बुधवार, दुपारी ४
पाळकांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग चष्म्यावरून सभेकडे पाहिलं. ती लिपी वाचणारी माणसं सभेत दोनच. याचा विचार राहून गेला होता.
मी उठलो. पण त्यांनी चिठ्ठी हिच्या हातात दिली.
हिनं अक्षर ओळखलं. आधी मनात वाचली. माझे कान तापले. मग इथल्या भाषेत सगळ्यांना सांगितली, कुठेही न अडखळता. एवढं हिला बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. मला त्यातला एकच शब्द कळला, धडा पहिला: नवरा.
सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एक म्हातारे सुतार उठून आले आणि खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. भाजीवाली डोळे पुसत होती. सगळी मंडळी माझ्यासाठी प्रार्थना करत होती आणि मला रडू कोसळलं. बराच वेळ आवरेना.
घरी येताना विचारलं, काय वाचलंस?
"तुम्ही लिहिलंत तेच," ही म्हणाली. "फक्त बायकोच्या जागी नवरा म्हटलं. बाकी काही बदलावं लागलं नाही."

३० नोव्हेंबर, सकाळी ९
फॉर्मवर हिची सही कालच झाली होती. पेन माझ्यापुढे ठेवलं.
"जायचं असेल तर जाऊ. मी कुरकुर करणार नाही. पण मला जायचंय, असं एकदा तरी म्हणा."
म्हटलं, मला इथे करमत नाही.
"माहितीये," म्हणाली आणि शेजारी बसली. खूप दिवसांनी बसली. मग मी सही केली.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
फॉर्म दिला. मला बरं वाटेपर्यंत दर बुधवारी माझ्यासाठी प्रार्थना करायची असं मंडळीनं ठरवलंय. नको म्हणायचं होतं, पण शब्द येत नाहीत. उद्यापासून धडा तिसरा. ही घेणार आहे.
आत्ता हिनं पलंगाखालची सूटकेस ओढून उघडली. सगळे माझेच कपडे. हिचा एक रुमालसुद्धा नव्हता.