डब्यातली सहा मिनिटं

२ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात. कंबर धरली आहे, वाकले तर पुढचं पत्र जमिनीवरूनच लिहावं लागेल.)

थिएटरच्या यंत्रखोलीत सिनेमे चालवताना खडखडाटाने तुझे कान गेले आणि इंटरनेटशी तुझं जन्माचं वैर, तेव्हा बातमी टपालानेच. ब्लॉगचे तीन नवे लेख छापून जोडले आहेत. पहिला वाचताना चहाचा कप लांब ठेव. हॉलीवूडचे जुने चित्रपट म्हणजे म्हाताऱ्यांचा विरंगुळा, असं एका वर्तमानपत्रवाल्याने लिहिलं होतं. त्याला असा धुतला आहे की वाळायला आठवडा लागेल. ज्या काळात पडद्यावरच्या नवराबायकोलाही दोन वेगळ्या पलंगांवर झोपवत, त्या काळात त्या नट्या नुसती एक भुवई वर करून जे सांगून गेल्या, ते आजच्यांना अंगावरचं सगळं उतरवूनही सांगता येत नाही, असं मी लिहिलं. खाली शंभर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एकाने माझं वय विचारलं.

आता खरी बातमी. इथल्या फिल्म क्लबने २८ तारखेच्या संध्याकाळी आपला दाराचा सिनेमा ठेवला आहे. धुऊनपुसून, जोडूनजाडून तयार केलेली नवी प्रत. त्याआधी वीस मिनिटं मी बोलायचं. मामा, मी तो तुझ्या खोलीत स्टुलावर बसून, भिंतीतल्या त्या वीतभर खिडकीतून सात वेळा पाहिला. ती लांब मानेची नटी नवऱ्याच्या घराचं दार ओढून घेते, रस्त्याने चालू लागते, मागे वळूनही बघत नाही, आणि समाप्त. तेविसाव्या वर्षी ठरलेलं लग्न मोडून मी घराबाहेर पडले, तेव्हा कानात त्याच दाराचा आवाज होता. भाषणाचा विषयही तोच: बाईला परत न पाठवण्याची हिंमत हॉलीवूडने कुणाच्याही आधी दाखवली. ब्लॉगवरचा माझा सर्वांत गाजलेला लेखही हाच, तुला माहीत आहे.

‘चष्मा’ या टोपणनावाचे एक गृहस्थ दोन वर्षं त्या लेखाखाली एकच ओळ टाकत असतात, की बाई, तुम्ही नक्की कुठला चित्रपट पाहिलात? मी त्यांना दर वेळी नंबर तपासून घ्यायला सांगते. तेही येणार आहेत म्हणे. येऊ देत, पहिल्या रांगेत बसवते.

मामीला घेऊन ये. लोभ आहे तेवढा पुरे, हजेरी वाढव.

तुझी,
तोफ

९ मार्च

चि. तोफेस,

अ. उ. आ. लेख वाचले. वर्तमानपत्रवाल्याची दया आली. तुझ्या आईच्या पोटी तू जन्मलीस आणि बोलणं मात्र माझं घेतलंस, याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं.

भाषणाबद्दल थोडं. विषय बदलता येईल का बघ. दाराचा सिनेमा तसा बेताचाच आहे. त्यापेक्षा त्या काळच्या टोप्यांवर बोल. नटाच्या टोपीची कड किती वाकलेली आहे यावरून तो पोलीस की गुंड हे आम्हाला वरून कळायचं. नाहीतर प्रकाशयोजनेवर बोल. बाईच्या गालाच्या हाडाखाली सावली पाडण्यासाठी ते दिवा कसा उंच टांगत, हे मी तुला पाच पानं लिहून पाठवतो. तो बूट वाजवत नाचणारा हडकुळा होता, त्याच्यावर तर तू दोन तास बोलू शकशील. शेवटावर कशाला बोलायचं? शेवट काय, सगळ्याच सिनेमांना असतो.

मला प्रवास झेपेल असं वाटत नाही. प्रकृती ठीक आहे.

आशीर्वाद आहेतच, पण उतावळेपणा करू नकोस.

मामा

ता. क. हे मी लिहिते आहे, तुझी मामी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं. हा माणूस काहीतरी लपवतो आहे. तुझं पत्र आल्यापासून तीनदा माळ्यावर चढला. विचारलं तर ऐकू येत नाही म्हणतो, आणि स्वयंपाकघरातून हळूच चहा म्हटलं की येऊन बसतो. तू खडसावून विचार.

१३ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि. माळ्यावर काय आहे?

तोफ

१६ मार्च

चि. तोफेस,

आशीर्वाद या खेपेला हातचे राखून ठेवतो, तू परत पाठवशील.

माळ्यावर दाराच्या सिनेमाचा शेवट आहे. हो, मीच कापला. त्या चित्रपटात दारानंतर आणखी सहा मिनिटं आहेत. ती चौकापर्यंत जाते, दिव्याच्या खांबाला टेकून रडते आणि परत येते. नवरा पाइप ओढत बसलेला. ती माफी मागते. तो क्षमा करतो, आणि त्यासाठी खुर्चीवरून उठण्याचेही कष्ट घेतो. मिठी, व्हायोलिनं, समाप्त.

पहिल्या खेळाला मी ते पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. दीड तास त्या बाईने तो ठोंब्या सोसला. ती दाराबाहेर पडली तेव्हा खाली बसलेल्या बायकांनी टाकलेला सुस्कारा वर माझ्या खोलीत ऐकू आला. तेव्हा कान होते. आणि पुढच्या सहा मिनिटांत सगळ्याचा चिखल. मला सांग, ज्यांना बाईला दारापर्यंत आणायची अक्कल होती, त्यांची तिला बाहेर उभी ठेवताना बोबडी का वळावी? दुसऱ्या खेळाआधी मी दाराशी कात्री लावली आणि समाप्तीची पाटी तिथे आणून जोडली. एकानेही तक्रार केली नाही. मालकाला वाटलं, खेळ वेळेत सुटायला लागले. ती प्रिंट आमच्यानंतर भंगारातच जायची होती, म्हणून तुकडा ठेवून घेतला. सरकारी सेन्सॉर धीट भाग कापायचा. मी भित्रा कापला. हा गुन्हा असेल तर मी तो छाती पुढे काढून केला, असं समज.

तू तेव्हा नऊ वर्षांची. पहिल्या खेळाला तुला शाळा होती. त्यानंतरचे सात तू पाहिलेस ते माझे. तुझा तो गाजलेला लेख आला तेव्हा सांगणार होतो. पण तू लिहिलं होतंस, की ज्याने हा शेवट केला त्याचे पाय धरावेसे वाटतात. आणि खरं सांगतो, मला ते पाय धरून घेणं आवडलं.

डबा पाठवतो. वर बिस्किटांचं चित्र आहे, आत बिस्किटं नाहीत.

राग ओसरला की लोभ कळव.

मामा

ता. क. असं मी फक्त याच चित्रपटाचं केलं.

२० मार्च

ती. मामास (तीर्थरूप लिहायची सवय आहे म्हणून),

सा. न. आज नाही. नुसतंच वि. वि.

दोन वर्षं मी त्या चष्म्याला आंधळा म्हणत होते. जाहीरपणे, विशेषणं बदलून बदलून. एकदा तर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. तो बिचारा दर वेळी फक्त एक साधा प्रश्न विचारत होता, आणि उत्तर बिस्किटांच्या डब्यात होतं. मी भरल्या सभागृहात छाती ठोकून सांगणार होते की ही बाई परत येत नाही. त्यानंतर दीड तासाने ती माझ्यासमोर, मोठ्या पडद्यावर, व्हायोलिनांच्या साथीने परत आली असती.

पण मला लागलंय ते दुसरंच. मी ज्या आवाजावर घर सोडलं, ते दार परत उघडणारं होतं. पहिल्या महिन्यात, त्या भाड्याच्या खोलीत, मी कितीदा चपला घातल्या आणि काढल्या हे कुणाला ठाऊक नाही. परत गेले नाही, कारण मी पक्कं पाहिलं होतं की परत जात नसतात. त्या लग्नाचं वाईट वाटत नाही. तो माणूस इतरांच्या ताटातले घास मोजायचा. पण ते धैर्य तिचं होतं असं मी चाळीस वर्षं समजत आले, आणि आता कळतंय की ते मामाच्या कात्रीचं होतं. तू पडद्यावरच्या बाईला विचारलं नाहीस आणि खिडकीतल्या मुलीलाही नाही. दुसऱ्याचं तोंड बंद करून त्याला शूर ठरवणं सोपं असतं, मामा. सगळ्या सेन्सॉरांना असंच वाटतं की आपण भलं करतोय.

डबा आला. उघडलेला नाही. क्लबला कंबर दुखते असं कळवणार आहे. ती दुखतेच आहे.

लोभाचं नंतर बघू.

भाची

२५ मार्च

ती. मामास,

सा. न. वि. वि. कंबर बरी आहे, वाकून घातला.

काल डबा उघडला. व्हिनेगरसारखा वास, आणि फीत कडांना वळलेली. यंत्र नाही म्हणून खिडकीच्या काचेवर उन्हात धरली आणि भिंग लावून एकेक चौकट पाहायला लागले. पाहायचा होता तो तिचा पराभव. पण असं पाहताना आवाज नसतो, व्हायोलिनं नसतात, माफीचे शब्दही नसतात. राहतं ते फक्त अंग.

आठवतं, चित्रपटभर ती बाहेरून आली की आधी हातमोजे काढते आणि दाराजवळच्या मेजावर ठेवते? तीनदा दाखवलंय. घरी आले, इथलीच झाले, असं सांगणारं. या शेवटात ती हातमोजे काढत नाही. टोपी काढत नाही. पर्स मनगटावरच. आणि मग मिठी. त्याचा चेहरा आपल्याकडे, समाधानाने फुललेला. त्याच्या पाठीमागे तिचे दोन हात. उजवा हात डाव्या हातमोज्याचं सुटलेलं बटण शोधतो आणि सावकाश लावतो. मी चौकटी मोजल्या, एकसष्ट. अडीच सेकंद. मागे दार पुरतं लागलेलं नाही.

मामा, स्टुडिओने तिच्या तोंडात माफी कोंबली. हात कोंबता आले नाहीत. ती परत आलेली नाही. ती निरोप घ्यायला आली आहे, आणि हे त्या नटीने कुणाच्या परवानगीशिवाय, मालक लोकांच्या डोळ्यांदेखत, मिठीच्या आड करून ठेवलं. तू म्हणतोस ते सहा मिनिटांचं भित्रेपण नव्हतं. सबंध चित्रपटातला सर्वांत धीट भाग तूच कापून माळ्यावर टाकलास.

आणि तुला ते दिसलं नाही, कारण तुझी नजर जन्मभर पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात. तूच शिकवलं होतंस: तिथे ठिपका उमटला की रीळ संपत आलं, दुसरं यंत्र चालू करायचं, शेवटच्या रिळात दिवे लावायचे. पोटापाण्याने तुला सगळं हॉलीवूड कोपऱ्यातून दाखवलं.

भाषण करते आहे. तुझ्या कात्रीसकट सगळं सांगणार. चष्म्याची माफी भर सभेत मागणार, हातमोजे काढून. तुझ्या नावाची खुर्ची ठेवली आहे, मधोमध. येत नसलास तर मामीला तुझा कान धरून आणायला सांगितलं आहे. तसाही तो दुसऱ्या कुठल्या कामाचा उरलेला नाही.

लोभ होता तिथेच आहे, फक्त मधली सहा मिनिटं दिसत नव्हता.

तुझी,
तोफ

३० मार्च

चि. तोफेस,

अ. उ. आ., राखून ठेवलेल्यांसह.

समोरासमोर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तुझं भाषण मला ऐकू आलं नाही. मामी पूर्वी आमच्या तिकीटखिडकीत बसायची, त्या सवयीने कागदाच्या तुकड्यांवर मुद्दे लिहून माझ्या हातात देत होती. एकावर होतं: तुझी अब्रू काढते आहे. पुढच्यावर: लोक हसताहेत. मग: उभा राहा, तुझ्याकडे बोट दाखवते आहे. उभा राहिलो. टाळ्या दिसल्या.

जन्मात पहिल्यांदा प्रेक्षकांत बसून सिनेमा पाहिला. तो इतका मोठा असतो हे ठाऊक नव्हतं. सुरुवातीला डोळे आपले कोपऱ्याकडेच. मामीने हनुवटीला धरून माझं तोंड मध्यावर आणलं. दार लागलं, तिथे माझा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला आणि शेजारच्या बाईंच्या गुडघ्याला लागला. त्यांची माफी मागितली. मग ती परत आली. मिठीच्या वेळी मी हात पाहिले. बटण लागलं तसा मी पुन्हा उठून उभा राहिलो. मागच्या माणसाने खांदा दाबून मला खाली बसवलं.

तुझा चष्मा नंतर येऊन भेटला. अकरा वेळा पाहिलाय असं त्याने लिहून दाखवलं, पण बटण कधी दिसलं नव्हतं. मामीने कागदावर लिहून दिलं की तो रडत होता. मला वाटलं चष्मा पुसतोय.

तू लिहिलं होतंस, मी त्या बाईला विचारलं नाही आणि तुलाही नाही. ते खरं आहे. एवढंच सांगतो, की त्या भाड्याच्या खोलीत तू चपला काढून ठेवल्यास, त्या वेळी तुझ्याकडे कात्री घेऊन कुणी उभं नव्हतं.

लोभ असू दे, आणि बोलणं असंच तिखट ठेव, निदान वाचायला तरी येतं.

मामा

ता. क. मागल्या खेपेला ‘फक्त याच चित्रपटाचं’ असं लिहिलं होतं. सोबत आणखी चार डबे पाठवतो आहे. या सगळ्या बायका मला तेव्हा भित्र्या वाटल्या होत्या. मी कोपराच बघत होतो. तू हात बघ.