घरी न्यायला कोण येणार

३ मार्च
मशरूम सेंटरला, म्हणजे भास घडवणाऱ्या मशरूमचा डोस देऊन मानसोपचार करतात तिथं, नाव नोंदवलं. मला डिप्रेशन आहे असं वाटत नाही. घटस्फोटानंतर शनिवार-रविवार जरा लांबतात, इतकंच. तरी माणसानं अधूनमधून स्वतःची प्रामाणिक तपासणी करावी. सत्रभर शेजारी बसणारी बाई ट्रूडी. ती म्हणाली, डोस घेतल्यावर गाडी चालवता येणार नाही आणि टॅक्सी आम्हाला चालत नाही, ओळखीचं माणूस लागतं. कोण येईल? मी म्हटलं, खूप जण आहेत.

५ मार्च
डोयलला विचारायचं ठरवलं. पाणी खात्यात आमची टेबलं वर्षानुवर्षं शेजारी आहेत. आधी अंदाज घ्यावा म्हणून जेवताना सहज म्हटलं, हल्ली मशरूमनं मानसोपचार करतात. तो म्हणाला, "आमचा मेव्हणा कॉलेजभर तोच उपचार घेत होता. अजून आईच्या तळघरात राहतो." सगळे हसले. मीही हसलो, बहुधा सगळ्यात मोठ्यानं. अशा पूर्वग्रहाच्या माणसाच्या गाडीत बसणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

९ मार्च
बहिणीला फोन. म्हणाली, "लॉरी, चर्चला जा, नाहीतर कुत्रा पाळ. पण ही नशा नको रे बाबा." संशोधनाची बातमी वाचून दाखवली. मध्येच भांड्यांचा आवाज यायला लागला. नाहीतरी ती राहते ते आयडाहो लांब पडतं.

१४ मार्च
ट्रूडीला मार्नीचं नाव दिलं. आता बायको नसली तरी ओळखीची आहेच. नाही म्हणणार नाही. उद्या विचारायचं.

१५ मार्च
विचारलं नाही. रविवारी फोन केला तर तिला वाटेल मी एकटा आहे.

१८ मार्च
आता विचारलं तर तिच्यावर दडपण येईल. न विचारणं जास्त सभ्य. की ही पळवाट? नीट विचार केला. नाही.

२० मार्च, सकाळ
ट्रूडीनं पुन्हा विचारलं, मार्नी चारला येतेय ना? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

२० मार्च, संध्याकाळ, सेंटरमध्येच
अद्भुत. डोळ्यांवर पट्टी, कानात चेलोचं संगीत. डोयल, बहीण, मार्नी, तिचा नवा नवरासुद्धा, सगळे एकाच मुळातून फुटलेले दिसले. पुष्कळ रडलो. इतक्या सोबतीत मी कधीच नव्हतो.

चार वाजून गेल्यावर ट्रूडीनं मार्नीला फोन लावला. ती सिअ‍ॅटलला गेलेली. म्हणाली, "त्यानं मला विचारलंच नाही. विचारलं असतं तर थांबले असते."

ट्रूडी रागावली नाही. काय गवसलं म्हणून विचारलं. मी सांगितलं, सगळी माणसं एकमेकांशी जोडलेली आहेत.

ती म्हणाली, "बरोबर. मग आता फोन कुणाला लावू?"

मी आठवायला जरा वेळ मागितला. ती शेजारी बसून आहे. तिची ड्युटी सातपर्यंत असते.